लहान वीज कंपनीचा 'वेळेनुसार दर' घेण्याआधी: ब्रिटनमधल्या मराठी घरांसाठी स्मार्ट मीटरची सविस्तर तपासणी

गेल्या मे महिन्यात रात्री दोन वाजता मी जिन्याखालच्या कपाटात टॉर्च घेऊन बसले होते. समोर मीटर, स्वयंपाकघरात २ किलोवॅटचा हीटर चालू. नव्या कंपनीने रात्रीची वीज निम्म्या दरात देऊ केली होती. तरी मीटरवरचा रात्रीचा आकडा शून्यावरून हलत नव्हता आणि दिवसाचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत एकाने वाढला. महिनाभर पहाटे उठून कपडे धुतले, भांडी लावली, आणि ती सगळी वीज महागड्या खात्यात जमा होत होती.

ती चूक निस्तरायला सहा आठवडे लागले. त्यातून जे शिकले ते सगळं इथे सांगते. रेडिंग, स्लाव, हॅरो, मिल्टन कीन्स अशा गावांत आपली बरीच कुटुंबं आहेत. वेळेनुसार दराच्या जाहिराती सगळ्यांनाच येतात आणि निर्णय बहुतेक वेळा फक्त दर बघून होतो. माझं म्हणणं असं की दर सगळ्यात शेवटी बघायचा. आधी आपला मीटर काय करू शकतो ते बघायचं, मग आपलं घर वीज कधी वापरतं ते, आणि त्यानंतर कंपनी.

आधी मीटर ओळखा

ब्रिटनमध्ये घरगुती स्मार्ट मीटरच्या दोन पिढ्या आहेत, स्मेट्स १ आणि स्मेट्स २. पहिल्या पिढीचा मीटर ज्या कंपनीने बसवला तिच्याशीच बोलायचा. कंपनी बदलली की मुका व्हायचा आणि पुन्हा दरमहा आकडे वाचून कळवायची पाळी यायची. दुसरी पिढी डीसीसी नावाच्या देशव्यापी जाळ्यावर चालते. हे जाळं नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झालं आणि सगळ्या कंपन्यांना सामाईक आहे. २०१९ पासून जुने स्मेट्स १ मीटरही दुरूनच या जाळ्यावर आणायला सुरुवात झाली. त्यामुळे 'स्मेट्स १ म्हणजे बाद' हे जे अजून ऐकू येतं, ते आता सरसकट खरं नाही. तुमचा मीटर जाळ्यावर आलाय का, एवढंच बघायचं.

ते बघायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे सिटिझन्स अॅडव्हाइस या संस्थेच्या वेबसाइटवरचा मीटर तपासक. पत्ता टाकला की मीटर स्मार्ट म्हणून चालतोय की नाही ते कळतं. फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही. हे कंपनीला विचारण्याआधी करा, कारण कंपनीच्या फोनवरचा माणूस पुष्कळदा हीच माहिती बघून उत्तर देतो.

मग कपाट उघडून मीटरसमोर उभे राहा. विजेच्या मीटरच्या डोक्यावर एक चपटी पेटी बसवलेली दिसेल, ती कम्युनिकेशन हब. दक्षिण आणि मध्य भागात ती मोबाइलच्या जाळ्यावर चालते, उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये लांब पल्ल्याच्या रेडिओवर. दक्षिणेकडच्या हबवर बारीक दिवे असतात: एसडब्ल्यू, वॅन, मेश, हॅन, गॅस. बाहेरच्या जाळ्याशी संपर्क आहे की नाही ते 'वॅन' दिवा सांगतो. तो साधारण दर ५ सेकंदांनी संथ लुकलुकत असेल तर ठीक. घाईघाईने लुकलुकत असेल किंवा बंदच असेल, तर वेळेनुसार दराचा विचार तिथेच थांबवा आणि आधी सध्याच्या कंपनीकडून हब दुरुस्त करून घ्या. मीटर नादुरुस्त असताना कंपनी बदलली की दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवतात आणि मधल्या मध्ये आपण अडकतो.

आता मीटरच्या खालच्या बाजूला किती जाड वायरी आहेत ते लांबूनच बघा. हात लावायचा नाही, सील तर अजिबात नाही. साध्या घरात चार असतात. पाच असतील तर बहुधा घरात रात्री तापणारे स्टोरेज हीटर आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळी वायर दिलेली आहे. हा प्रकार भाड्याच्या जुन्या फ्लॅटमध्ये खूप आढळतो. असा पाच टोकांचा मीटर किंवा थ्री फेज मीटर लहान कंपन्या बऱ्याचदा घेत नाहीत, किंवा घेतात पण त्यावर वेळेनुसार दर देत नाहीत. आमच्या नात्यातली एक जण अशा फ्लॅटमध्ये राहते. तिला करार झाल्यावर तीन आठवड्यांनी नकार कळवला गेला. पहिल्याच पत्रात मीटरचा फोटो जोडला असता तर ते तीन आठवडे वाचले असते.

मीटरशेजारी रेडिओवर चालणारी जुनी पेटी असेल, रेडिओ टेलिस्विच म्हणतात ती, तर मात्र ती बदलून घ्यायला उशीर करू नका. तिचा संदेश बीबीसीच्या १९८ किलोहर्ट्झ लाँगवेव्हवरून यायचा. ती सेवा ३० जून २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली आहे. पेटीला संदेश मिळाला नाही तर हीटर भलत्या वेळी चालू होतो किंवा होतच नाही.

शेवटी बिलावरचा एमपॅन क्रमांक लिहून ठेवा. तो १३ आकडी असतो आणि विजेच्या जोडणीची ती ओळख आहे. गॅसचा वेगळा असतो, त्याला एमपीआरएन म्हणतात.

दर नेमका कुठे मोजला जातो?

माझी चूक इथेच झाली होती, म्हणून हे जरा सावकाश वाचा.

वेळेनुसार दराचं बिल दोन तऱ्हांनी निघतं. पहिली तऱ्हा रजिस्टरची. मीटरच्या आत वेगवेगळे आकडे साठतात, जणू एकाच गिरणीत गव्हाचा आणि ज्वारीचा डबा वेगळा ठेवलाय. पडद्यावर बटण दाबत गेलं की अनेक मीटरांवर 'इम्प आर०१', 'इम्प आर०२' असं दिसतं. किती वाजता कुठल्या डब्यात भरायचं याचं वेळापत्रक कंपनी डीसीसीवरून मीटरला पाठवते. कंपनीने ते पाठवलंच नाही, किंवा आधीच्या कंपनीचं तसंच राहिलं, तर मीटर बिचारा जुन्या सांगण्याप्रमाणे भरत राहतो. इकॉनॉमी ७ हा १९७८ पासून चालत आलेला सात तासांच्या स्वस्त रात्रीचा दर याच तऱ्हेने चालतो.

दुसरी तऱ्हा अर्ध्या तासाच्या नोंदींची. स्मार्ट मीटर दिवसाच्या ४८ नोंदी ठेवतो. कंपनी त्या मागवून घेते आणि प्रत्येक अर्ध्या तासाला त्या वेळचा दर लावते. मीटरमधल्या डब्यांचा इथे संबंध नाही. दर अर्ध्या तासाला भाव बदलणारे करार असेच चालतात. त्यासाठी अर्ध्या तासाच्या नोंदी घ्यायला तुमची संमती लागते. नवं खातं उघडताना 'रोज', 'महिन्यातून एकदा' की 'दर अर्ध्या तासाला' असा प्रश्न येतो. तिथे घाईत 'महिन्यातून एकदा' वर टिचकी मारली, तर पुढचं सगळं बिनसतं.

दोन्हींत घड्याळाची एक खोच आहे. मीटरच्या आतलं घड्याळ वर्षभर जीएमटीवरच चालतं. मार्चअखेर आपण घड्याळं तासभर पुढे करतो, मीटर करत नाही. इकॉनॉमी ७ ची रात्र साडेबारा ते साडेसात अशी असेल, तर उन्हाळ्यात ती बहुतेक घरांत दीड ते साडेआठ होते. नुसत्या अर्ध्या तासाच्या नोंदींवर चालणारे नवे करार सहसा भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे हिशेब करतात. तुमचा करार कुठला ते लेखी विचारून घ्या. घरातल्या छोट्या डिस्प्लेवर यासाठी विसंबू नका. दर सतत बदलणारा असेल तर त्यावरचे पौंडांचे आकडे हमखास चुकतात, युनिटचे आकडे तेवढे बरोबर असतात.

आपलं घर वीज कधी वापरतं?

किमान दोन आठवड्यांच्या अर्ध्या तासाच्या नोंदी हातात घेतल्याशिवाय कुठल्याही करारावर सही करू नका. सध्याच्या कंपनीच्या अॅपमध्ये त्या मिळतात. नाही मिळाल्या तर 'ब्राइट' नावाचं फुकट अॅप आहे, ते डीसीसीवरून थेट मीटरच्या नोंदी दाखवतं. या अॅपचा खरा उपयोग पुढे होतो, कारण कंपनी बदलली तरी नोंदी आपल्याकडे राहतात.

माझ्या घरातला रात्रीच्या सात तासांचा वाटा निघाला १९ टक्के. फ्रिज, राउटर आणि पहाटेचा चहा, दुसरं काही नाही. आता हिशेब करू. आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुम्ही तुमच्या भागातले घाला, कारण विजेच्या वितरणाचे १४ भाग आहेत आणि प्रत्येक भागात दर वेगळा पडतो.

वर्षाला २,७०० युनिट धरू. एकच दर २५ पेन्स असेल तर ६७५ पौंड. वेळेनुसार करारात दिवसाला ३० आणि रात्रीला १५ पेन्स असतील, तर १९ टक्के रात्रीवर सरासरी दर २७.१५ पेन्स पडतो, म्हणजे ७३३ पौंड. नुसता करार बदलून ५८ पौंडांचा तोटा! बरोबरीला यायला वापराचा तिसरा हिस्सा स्वस्त वेळेत जायला हवा. आठवड्यातून पाच दिवस कपडे आणि भांडी त्या वेळेत नेली तर माझा वाटा ३६ टक्क्यांवर जातो आणि वर्षाचे ६६४ पौंड होतात. वाचले ११ पौंड. त्यात नव्या कंपनीचा रोजचा स्थिर आकार ५ पेन्सनी जास्त असेल तर वर्षाला १८ पौंड तिकडे जातात, म्हणजे पुन्हा तोटाच.

गाडी असेल तर चित्र पार बदलतं. विजेवरची गाडी घरी चार्ज होत असेल आणि वर्षाला २,५०० युनिट रात्री जात असतील, तर कपडे-भांड्यांसकट स्वस्त वाटा दोन-तृतीयांशावर जातो आणि वाचतात सुमारे २६० पौंड. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: गाडी, स्टोरेज हीटर, हीट पंप किंवा बॅटरी यांपैकी काहीच घरात नसेल, तर दोन दरांचा करार बहुतेक मराठी घरांना परवडत नाही.

पण वेळेनुसार दर म्हणजे फक्त रात्र नव्हे. काही करारांत दुपार स्वस्त असते आणि संध्याकाळी ४ ते ७ फार महाग. अशा करारात आपल्या जेवणाच्या वेळा कामाला येतात. इंग्रजी शेजारी साडेपाचला ओव्हन लावतात, आपल्या पोळ्या साडेसातला सुरू होतात. दुपारी घरी कुणी असेल तर कुकर, कपडे, इस्त्री सगळं स्वस्तात बसतं. मुलं शाळेतून आल्यावरचे पोहे आणि चहा तेवढे महाग पडतात. ते आनंदाने द्यावेत.

आणि एक कळकळीची सूचना. स्वस्त वीज आहे म्हणून सगळे झोपलेले असताना वॉशिंग मशीन, ड्रायर किंवा डिशवॉशर चालू ठेवू नका. इथलं अग्निशमन दल हे वारंवार सांगतं. मी साडेपाचला उठते तेव्हा मशीन लावते. कुणी उठत नसेल, तर रात्रीचा दर आपल्यासाठी नाही असं समजा.

कंपनी लहान असेल तर काय विचारायचं

लहान कंपन्यांबद्दल माझ्या मनात आकस नाही. स्मार्ट मीटरवरचा वेळेनुसार दर पहिल्यांदा एका लहान कंपनीनेच आणला: ग्रीन एनर्जी यूके, आता तिचं नाव १००ग्रीन आहे. जानेवारी २०१७ मध्ये तिने 'टाइड' नावाचा करार काढला. ऑक्टोपसने अर्ध्या तासाला बदलणारा 'अॅजाइल' २०१८ मध्ये आणला तेव्हा तीही नवखीच होती. लहान कंपनीत फोन लवकर उचलला जातो हाही माझा अनुभव आहे. पण २०२१ च्या शरद ऋतूत गॅसचे भाव भडकले, तेव्हा दोन डझनांहून अधिक कंपन्या बुडाल्या. ५ लाखांहून जास्त ग्राहक असलेली अॅव्हरोही त्यात गेली. हे लक्षात ठेवूनच चालायचं.

पुढचे प्रश्न ईमेलने विचारा, फोनवर नको:

- माझ्या या मीटरवर (मॉडेल, क्रमांक, फोटो जोडून) हा करार आज चालतो का?
- बिल रजिस्टरवरून काढणार की अर्ध्या तासाच्या नोंदींवरून? रजिस्टरवरून असेल तर वेळापत्रक मीटरला किती दिवसांत पाठवणार?
- स्वस्त वेळ घड्याळाप्रमाणे की जीएमटीप्रमाणे?
- एखाद्या दिवशीच्या नोंदी मिळाल्या नाहीत तर त्या दिवसाचा हिशेब कसा धरणार?
- मुदतीआधी सोडल्यास किती शुल्क?
- छतावर सोलर असेल तर: तुम्ही बाहेर दिलेल्या विजेचे पैसे देता का? (दीड लाखांहून कमी ग्राहक असलेल्या कंपनीवर तसं बंधन नाही.)

चौथ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर मी तिथून परत फिरेन. नोंदी हुकतातच, जाळं शंभर टक्के चालत नाही. हुकलेले तास महागड्या दराने धरणारी कंपनी नको. तुलना करणाऱ्या वेबसाइटींवर हे काही दिसत नाही. त्या तुमचा वर्षाचा एकूण वापर घेतात, तो कुठल्या तासाचा ते त्यांना ठाऊक नसतं.

भाड्याच्या घरात राहत असाल आणि बिल तुमच्या नावावर असेल, तर कंपनी निवडायचा हक्क तुमचा. मीटर बदलणार असाल तर घरमालकाला आधी कळवा. गॅस जुन्याच कंपनीकडे ठेवून फक्त वीज बदलता येते. गॅसचा मीटर विजेच्याच हबमधून बोलत राहतो.

बदलाचा दिवस आणि पहिला पंधरवडा

२०२२ च्या जुलैपासून कंपनी बदलायला ५ कामाचे दिवस लागतात, आणि करार केल्यापासून १४ दिवस विचार बदलायची मुभा असते. बदलाच्या दिवशी मीटरच्या प्रत्येक आकड्याचा फोटो काढा: एकूण आकडा, आर०१, आर०२, आणि असतील तर पुढचेही. मोबाइलवर फोटोची तारीख-वेळ आपोआप राहते. माझ्या बाजूने शेवटी हेच फोटो उभे राहिले.

मग रात्रीची परीक्षा. करार रजिस्टरवर चालणारा असेल तर ती करायलाच हवी. स्वस्त वेळ सुरू झाल्यावर जागं राहून २ किलोवॅटचा हीटर बरोबर अर्धा तास चालवा, म्हणजे १ युनिट होतं. आधी आणि नंतर दोन्ही डब्यांचे आकडे टिपा. स्वस्त डब्यात वाढ दिसली पाहिजे.

पहिल्या रात्री मी एक वाजता बसले होते. आकडा महागड्या डब्यात गेला म्हणून रागाने ईमेल लिहायला घेतलं, आणि मग लक्षात आलं की मे महिना आहे, मीटरची रात्र अजून सुरूच झालेली नाही. दुसऱ्या रात्री दोनला बसले. कपाटात व्हॅक्यूम क्लीनर बाजूला सारून मांडी घालून बसायला तेवढीच जागा. हीटर लावला, वाट बघितली. आर०१ वाढला. आर०२ वर सगळी शून्यं, बदलाच्या दिवशी होती तशीच. मीटरला नवं वेळापत्रक कधी मिळालंच नव्हतं.

चूक निघाली तर

'तक्रार' हा शब्द वापरूनच ईमेल लिहा. नुसती चौकशी समजली गेली तर मुदत मोजली जात नाही. सोबत फोटो आणि अर्ध्या तासाच्या नोंदी जोडा, आणि नेमकं मागा: वेळापत्रक दुरुस्त करा, आणि बदलाच्या दिवसापासूनचं बिल अर्ध्या तासाच्या नोंदींवरून नव्याने काढा. ८ आठवड्यांत सुटलं नाही, किंवा कंपनीने 'यापुढे काही करू शकत नाही' असं लेखी दिलं, तर एनर्जी ओम्बड्समन या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जाता येतं. ग्राहकाला ते फुकट आहे. कंपनीने त्यांच्याच चुकीमुळे आधी न लावलेली, १२ महिन्यांहून जुन्या वापराची रक्कम मागितली, तर ती देणं लागत नाही.

आणि कंपनीच बुडाली तर? दिवे जात नाहीत. ऑफजेम ही नियामक संस्था दुसरी कंपनी नेमते आणि खात्यात साठलेली तुमची रक्कम सुरक्षित राहते. त्या दिवशी मीटरचे फोटो काढा, शेवटची बिलं उतरवून घ्या आणि नवी कंपनी संपर्क करेपर्यंत स्वतःहून बदल करू नका. मात्र वेळेनुसार दराचा करार तिथेच संपतो. नवी कंपनी तिच्या साध्या दरावर घेते, आणि गाडी रात्री चार्ज करणाऱ्याला ते पहिल्याच बिलात जाणवतं. म्हणून गाडीवाल्यांनी दुसरा पर्याय आधीच हेरून ठेवावा, आणि लहान कंपनीकडे कुणीच महिन्याभराच्या बिलाहून जास्त रक्कम साठू देऊ नये.

गावाकडे फोन केला की आईबाबाही हल्ली नव्या मीटरबद्दल विचारतात. तिथलं गणित उलटं आहे हे त्यांना सांगा. महावितरणने १ जुलै २०२५ पासून स्मार्ट टीओडी (वेळेनुसार वापर मोजणारा) मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत ठेवली आहे, कारण तिथे दिवसा सौर वीज येते. आमच्या आईने गिझर आणि मिक्सरची कामं नऊनंतर नेली आहेत. इथे मी पहाटे साडेपाचला मशीन लावते. इथे उन्हाळा असेल तर तिथे तेव्हा दहा वाजलेले असतात आणि तिचंही मशीन चालू असतं.